विरासत-ए-खालसा

पंजाबात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी आनंदपूर साहिब हे नगर वसले आहे. शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांनी १६६५ साली त्याचा पाया घातला. दहावे गुरू गोविंदसिंह यांनी १६९९ च्या वैशाखीला येथेच खालसा पंथाची स्थापना केली. त्या दिवशी शिर अर्पण करण्यास पुढे आलेले पाच वीर निरनिराळ्या प्रांतांतील आणि निरनिराळ्या जातींतील होते. गुरूंनी प्रथम त्यांना अमृत दिले आणि मग स्वतः हात जोडून त्यांच्याकडून ते घेतले. गुरू स्वतःच शिष्य झाला!

या घटनेला तीनशे वर्षे होत आली, तेव्हा तिच्या स्मरणार्थ एक संग्रहालय उभारण्याचे ठरले. 'विरासत-ए-खालसा', म्हणजे खालशाचा वारसा, हे त्याचे नाव. १९९८ साली त्याची कोनशिला बसविण्यात आली. त्याचा पहिला भाग २०११ साली व दुसरा २०१६ साली लोकांसाठी खुला झाला. मोशे सफ्दी या वास्तुशिल्पज्ञाने त्याची रचना केली आहे. एका घळीच्या दोन्ही तीरांवर वालुकाश्माने मढविलेल्या भव्य इमारती असून एका लांब पुलाने त्या जोडलेल्या आहेत. त्यांची छपरे खोलगट व पोलादी असल्यामुळे त्यांत आकाशाचे रंग उमटतात.

संग्रहालय म्हटले की जुन्या तलवारी, नाणी आणि वस्त्रे डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र कथा सांगण्याचा मुख्य भार चित्रे, प्रतिकृती, प्रकाश आणि संगीत यांवर आहे. नौकेच्या आकाराच्या दालनात चित्रकार ओरिजित सेन यांनी आखलेले विशाल भित्तिचित्र आहे. शेते, बाजार, सण आणि घरे यांनी गजबजलेले पंजाबचे जीवन त्यात दिसते. पुढील दालनांत गुरू नानकांपासूनचा इतिहास क्रमाने उलगडत जातो.

शिखांच्या इतिहासातील कितीतरी ठेवा आज पाहावयास मिळत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी, दीर्घ वेढ्यानंतर, गुरू गोविंदसिंहांना आनंदपूर सोडावे लागले. वाटेत पूर आलेली सिरसा नदी ओलांडताना मौल्यवान हस्तलिखिते वाहून गेली, असे शीख परंपरा सांगते. उरलेली काही शस्त्रे जवळच्या केशगढ साहिब गुरुद्वारात भक्तिभावाने जपलेली आहेत.

पुढे १७०८ साली गोदावरीच्या तीरी, नांदेड येथे, गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला. तत्पूर्वी, आपल्यामागे कोणी व्यक्ती गुरू न होता ग्रंथसाहिब हाच गुरू असेल, असे त्यांनी सांगितले. त्या ग्रंथात महाराष्ट्राचे संत नामदेव यांची ६१ पदे आहेत. किल्ले पडले, पोथ्या वाहून गेल्या; पण शब्द लोकांच्या कंठी राहिला. आनंदपूरचे संग्रहालय हीच गोष्ट सांगते : वस्तू नाहीशा झाल्या तरी, आठवण जपणारी माणसे असतील तोवर, वारसा नाहीसा होत नाही.