ग्लासातलं त्रिकूट

जीएसएम म्हटलं की तुम्हाला मोबाइलच आठवतो ना? वाइनच्या दुकानात या तीन अक्षरांचा अर्थ वेगळा. ग्रेनाश, सिरा आणि मूरवेद्र, या तीन द्राक्षांची मिळून केलेली रेड वाइन. ‘ब्लेंड’ ऐकून नाक मुरडू नका, ही भेसळ नव्हे. तिघांमध्ये काही ना काही उणं आहे, म्हणून त्यांना एकत्र बसवलंय.

ग्रेनाशचंच बघा. त्याला ऊन भरपूर लागतं, पिकतं उशिरा आणि तोवर साखर मस्त भरते. पण साल पातळ. वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो, त्यामुळे नुसत्या ग्रेनाशची वाइन बहुधा फिकट आणि मऊ होते. मग गडद रंग आणि मिरीचा झटका आणायला येते सिरा. नाशिकची शिराज चाखली असेल तर ही ओळखीचीच, फक्त नाव बदललंय! मूरवेद्र जाड सालीचं; वाइनला कणा देतं आणि थोडा माती-चामड्याचा वासही.

हे त्रिकूट नावाजलं ते दक्षिण फ्रान्समध्ये, रोन नदीच्या खोऱ्यात. तिथलं शातोनफ-द्यु-पाप हे गाव म्हणजे ‘पोपचा नवा वाडा’. चौदाव्या शतकात पोप जवळच्या आविन्योंला राहायचे, त्यावरून हे नाव. इथे १३ जातींची द्राक्षं चालतात, पण जास्त लागवड ग्रेनाशचीच. (याच गावाने १९५४ मध्ये द्राक्षमळ्यात उडत्या तबकड्या उतरवायला बंदी घातली होती. खरंच!) या वाइन महाग असतात. सुरुवात करायला साधी कोत द्यु रोन बरी.

आता चाखू या. बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. हो, रेड असली तरी! ‘रूम टेम्परेचर’ त्यांच्याकडचं, आपल्या तिशीतल्या पाऱ्याचं नाही. ग्लास एक तृतीयांशच भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. मग गोल फिरवून हुंगा. स्ट्रॉबेरी जॅमसारखं काही आलं तर ते बहुतेक ग्रेनाश. मिरी आली तर सिरा. पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुडीसारखा सुका वासही कधी कधी येतो. नाही आला तर आला म्हणू नका, इथे कुणी मार्क देत नाही.

घोट लगेच गिळू नका, तोंडात फिरवा. कोऱ्या चहासारख्या हिरड्या आवळल्या तर ते टॅनिन. गाल आतून पाणावले तर आंबटपणा. आणि गिळल्यावर घशात ऊब जाणवली तर ते अल्कोहोल.

इथेच ग्रेनाश फसवतं. भरलेल्या साखरेचं आंबताना अल्कोहोल होतं, त्यामुळे या वाइन १४-१५ टक्क्यांपर्यंत सहज जातात. पण चव इतकी मऊ, की कळतच नाही. १५० मिलीच्या एका ग्लासात, वाइन साडेचौदा टक्क्यांची असेल तर, जवळपास २२ मिली अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या ३३० मिली बीअरमध्ये साडेसोळा. म्हणजे ‘वाइनच तर आहे’ म्हणत दुसरा ग्लास भरणाऱ्या मित्राकडून बाइकची चावी आधी काढून घ्या.

सोबत काय खाल? तांबडा रस्सा नको, तिखटावर अल्कोहोल आणखी जाळतं. कमी तिखटाचं, भाजलेलं मटण घ्या. एक घास, एक घोट, आणि बघा, मघाचा तुरटपणा कुठे गेला ते.