न्हाणीघरातल्या आरशाला चौकट

आज पिकाचे नव्हे, थोडे घरातले बोलू.

अलीकडे बहुतेक घरांत न्हाणीघर झाले आणि त्यात दाढीपुरता, वेणीफणीपुरता साधा आरसाही आला. दोन-चार पावसाळे गेले की त्याची खालची कड काळी पडू लागते. ‘पारा उडाला’ म्हणून आपण तो अडगळीत टाकतो.

आमच्या घरचा आरसा सौ.नी बचत गटातल्या पैशांतून हौसेने आणला होता. मी त्याला जुन्या पट्ट्यांची चौकट केली आणि पाणी शिरू नये म्हणून चारही बाजूंनी लांबी भरून गच्च बंद केले. दोन पावसाळ्यांत खालची दोन बोटे कड काळी! सौ. म्हणाल्या, “गावोगाव निचरा शिकवता, आणि घरच्या आरशाभोवती बांध घालून पाणी तुंबवलेत!” मला उत्तर देता आले नाही.

आजच्या आरशामागे पारा नसतो. काचेवर चांदीचा अतिशय पातळ थर असतो व त्याच्या रक्षणासाठी वर रंगाचा लेप असतो. काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक रीत १८३५ साली जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांनी दाखवली. कृषी महाविद्यालयात हेच नाव आम्ही खतांच्या धड्यात शिकलो. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्यावर पिकाची वाढ अडते, हा नियम त्यांनीच जगभर नेला. आरशाचेही तसेच. त्याचे आयुष्य ठरते ते सर्वांत दुबळ्या जागेवर, म्हणजे कापलेल्या खालच्या कडेवर. निफाडच्या थंडीत गरम पाण्याने अंघोळ केली की काचेवर वाफ धरते, थेंब खाली उतरतात आणि कडेशी थांबतात. पानावर पाणी थांबले की द्राक्षावर केवडा येतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून चौकट शोभेची असली, तरी आधी निचऱ्याची हवी. कृती अशी:

दीड फूट बाय दोन फूट आरशाला दोन इंच रुंद, एक इंच जाड अशी नऊ फूट पट्टी पुरते. जुन्या खिडकीचे किंवा पडलेल्या वाड्याचे सागवान मिळाले तर उत्तम. औषधांच्या पेट्यांचे लाकूड मात्र घरात आणू नये.

सुताराकडून पट्टीच्या मागच्या बाजूस पाव इंच रुंदीची खाच पाडून घ्यावी. कोपरे तिरके कापून जोडावेत. खाच आरशापेक्षा किंचित सैल असावी. पावसाळ्यात लाकूड फुगते, त्याला जागा हवी.

लाकडाला सर्व बाजूंनी, खाचेत आणि कापलेल्या टोकांनाही, दाराचा उरलेला ऑइलपेंट दोन हात द्यावा. टोके सर्वांत जास्त पाणी पितात. आरशाच्या कडांनाही याच रंगाचा बारीक हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. सिलिकॉन वापरायचेच झाले, तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे नको. ते आम्ल चांदी खाते.

खालच्या पट्टीच्या खाचेत सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे ठेवून त्यांवर आरसा टेकवावा. त्या तुकड्यांच्या मध्ये, पट्टीतून खाली, पेन्सिलीएवढी दोन भोके पाडावीत. हा आपला सांडवा. आरसा मागून लहान खिळ्यांनी अडकवावा; पाठ फळीने बंद करू नये.

चौकटीच्या चार कोपऱ्यांमागे ट्यूबचे तुकडे एकावर एक चिकटवून भिंतीपासून पाव इंच अंतर ठेवावे, म्हणजे हवा खेळते. चार मिलिमीटर जाडीचा एवढा आरसाच सुमारे पावणेतीन किलो भरतो. एका खिळ्याच्या भरवशावर तो टांगू नये. घरात लहान मुले असतात. भिंतीत प्लग बसवून स्टेनलेसचे दोन स्क्रू लावावेत. लोखंडी स्क्रू गंजतात.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग ओल्या फडक्याने रोजच्या रोज पुसावेत. लिंबू चोळलेच, तर रस खालच्या कडेला ओघळू देऊ नये.

उडालेली चांदी घरी परत येत नाही. पण काळी कड कमी असेल तर रुंद खाचेत ती झाकता येते. आमची जास्त होती. काचवाल्याकडून ती दोन बोटे कापून घेतली आणि त्याच पट्ट्या बेताने छाटून नव्याने चौकट केली. रोख खर्च झाला तो काच कापण्याचा आणि स्क्रूंचा.

त्यानंतर तीन पावसाळे झाले, कड स्वच्छ आहे. आता पाऊस लागला की सौ. आधी सांडव्याची भोके काडीने मोकळी करतात, मग मला शेताच्या चाऱ्या पाहायला पाठवतात.