सपाट वाळूतला घाट

दुबईहून हट्टाच्या वाटेला लागलं की डांबराच्या दोन्ही अंगांना लहबाबची तांबडी वाळू सुरू होते. हिवाळ्यातल्या रविवारी उजाडायच्या आत तिथे चार-पाच गाड्या थांबलेल्या असतात आणि प्रत्येक जण चाकापाशी उकिडवा बसून हवा सोडत असतो. व्हॉल्व्हचा सूंऽऽ असा आवाज, हातात गेज, पस्तीस पॉइंटवरून काटा पंधरावर येईपर्यंत वाट पाहायची. गाडी रुतू नये म्हणून हे करायचं, एवढं नवख्यालाही ठाऊक असतं. पण इंजिन थंड ठेवण्याचं कामही इथेच, बॉनेट न उघडता सुरू होतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच गाडी ओढायच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरमधून धुरासोबत जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग कूलंटवाटे रेडिएटरकडे येतो. म्हणजे चाकाला जितका जोर जास्त लागेल, तितकी रेडिएटरवरची उष्णताही वाढणार. मोकळ्या वाळूत चाक फिरवायला डांबरापेक्षा दहा ते वीस पट जोर लागू शकतो. चाक बुडतं, स्वतःपुढे वाळूचा छोटा बांध उभा करतं आणि तो बांध चढत राहतं. सपाट दिसणाऱ्या वाळूतही गाडी अखंड घाटच चढत असते. घाटमाथ्यावर बॉनेट उघडून वाफ सोडत उभे असलेले ट्रक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. इथे तो घाट काही केल्या संपत नाही.

हवा कमी केली की टायर पसरतो, त्याचा ठसा लांब होतो, चाक कमी बुडतं आणि तो बांधही लहान होतो. त्यामुळे तापलेल्या गाडीची तक्रार घेऊन कुणी आलं, तर मी कूलंटच्या आधी टायरची हवा विचारतो. बारा पॉइंटच्या खाली मात्र सहज म्हणून जाऊ नये. जोरात वळताना टायर रिममधून निसटतो.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. हमरस्त्यावर ताशी शंभरच्या वेगात रेडिएटरवर आपोआप वारा आदळतो, वाळूत वेग वीस-तीसच. त्यातून पाठीमागून तेवढाच वारा असेल, तर रेडिएटरला आपसूक मिळणारी हवा जवळजवळ शून्य. मग सगळा भार एकट्या पंख्यावर. शमाल, म्हणजे इथला वायव्येकडचा वारा, सुटला असेल तर त्याच्याकडे पाठ करून लांब चढ घेऊ नये.

गाडीचं तोंड वाऱ्याकडे करण्याची युक्ती जुनी आहे. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करी इंजिनिअर १९३० च्या आसपास फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात फिरत होता. तिथे पाण्याचा थेंबही मोलाचा, आणि रेडिएटरची वाफ तर उडून जायची. त्याने रेडिएटरची नळी एका अर्ध्या भरलेल्या डब्यात सोडली. वाफ त्या पाण्यात विरून पुन्हा पाणी व्हायची. डबा उकळायला लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची; इंजिन निवलं की तेच पाणी रेडिएटरमध्ये परत ओढलं जायचं. पुढे १९४० मध्ये त्याने उभ्या केलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकांवरही असे डबे होते. आज बॉनेटखाली दिसणाऱ्या कूलंटच्या पांढरट टाकीला ओळखायचं असेल, तर हा डबा आठवावा.

ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनाआधी गिअरबॉक्स तापतो, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत नेली, की टॉर्क कन्व्हर्टर घसरतो आणि त्याच्या तेलातच उष्णता घुसळली जाते. अनेक गाड्यांत हे तेल रेडिएटरच्याच टाकीतून थंड होतं, म्हणजे तो ताप शेवटी कूलंटवरच येतो. मऊ, चढाच्या वाळूत लो रेंज लावायला लाजू नये. गिअरबॉक्सच्या तेलाचा दिवा लागला, तर थांबून पार्कमध्ये टाकावं आणि इंजिन चालू ठेवावं, तरच तेल फिरत राहतं.

निघण्यापूर्वी एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून पाहा. धूळ, किडे आणि गवताची बोंडं यांचा तिथे नमदा झालेला असतो. कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवा. जाळीपुढे मोठे दिवे लावण्याची हौस असेल, तर तीही आवरा.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नये. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. तो हलतो तोवर उशीर झालेला असतो. खरं तापमान दाखवणारं, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लागणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. मागे एकदा आमच्यातल्या नव्या मुलाच्या यंत्रावर ११० चा आकडा दिसला. "दादा, बंद करू का गाडी?" त्याने वायरलेसवर विचारलं. "एसी बंद कर, इंजिन नको. उतारावर ये, तोंड वाऱ्याकडे कर आणि हीटर पूर्ण सोड." इंजिन बंद केलं असतं, तर कूलंट फिरायचं थांबलं असतं आणि तापलेल्या लोखंडाने आतलं पाणी उकळवलं असतं. हीटर म्हणजे अशा वेळी दुसरा छोटा रेडिएटरच. सात-आठ मिनिटांत आकडा ९५ वर आला. कूलंट बाहेर सांडत असतं किंवा काटा लालमध्ये गेला असता, तर मात्र मी त्याला ताबडतोब इंजिन बंद करायला सांगितलं असतं. आणि झाकणाला हात लावू नकोस, हेही. दाबाखाली १०० च्या वर तापलेलं कूलंट झाकण फिरताच उसळून अंगावर येतं.

डांबरावर परतल्यावर पुन्हा चाकापाशी बसायचं, या वेळी हवा भरायला. पंधरा पॉइंटवर वेगात पळवलेला टायर तापून फुटतो. कंप्रेसर सोबत नसेल, तर वाळूत उतरूच नये.