बारावीनंतर कोणता कोर्स? आधी प्रवेशाच्या अटी शेजारी-शेजारी मांडा



"सर, पुढे धंदाच करायचाय, मग बारावीनंतर ॲडमिशन कशाला घेऊ?" निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतो. व्हिडिओत सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आपण कोर्स निवडताना फी बघतो, कॉलेजचं नाव बघतो, मित्र कुठे चाललाय ते बघतो. प्रवेशाच्या अटी मात्र फॉर्म भरताना वाचतो. तिथेच घोळ होतो.

अटी मुख्यतः तीन : विषय, टक्के आणि प्रवेश परीक्षा. परीक्षा पुढच्या वर्षी परत देता येते. टक्के कमी पडले तर दुसरं कॉलेज शोधता येतं. पण अकरावीला जो विषय घेतलाच नाही, तो बारावीनंतर आणणार कुठून? म्हणून तुलना विषयापासून सुरू करा.

आधी विचारा : माझ्या धंद्याला शिक्षणाची अट आहे का?

किराणा, कपडे, खानावळ, मोबाईल ॲक्सेसरीज यांना कायद्याने डिग्री लागत नाही. काही धंद्यांत मात्र शिक्षणाशिवाय परवानाच नाही.

मेडिकल स्टोअर घ्या. तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच. तुम्ही स्वतः नसाल तर पगारी माणूस ठेवावा लागेल, आणि तो सोडून गेला की दुकान अडलं. कृषी सेवा केंद्राचंही तसंच. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी किंवा विज्ञानातलं ठरावीक शिक्षण लागतं.

म्हणजे "मला मेडिकल टाकायचंय" असं म्हणणाऱ्याने कॉमर्सला जाऊन चालणार नाही. हे दहावीनंतरच कळायला हवं.

आता तुलना करू

*डी.फार्म. :* २ वर्षं. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर बायोलॉजी किंवा मॅथ्स. महाराष्ट्रात सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश.

*बी.फार्म. :* ४ वर्षं. विषय तेच, पण एमएचटी-सीईटी किंवा नीटचा स्कोअर लागतो. फक्त दुकानच टाकायचं असेल तर डी.फार्म. पुरतं, दोन वर्षं वाचतात.

*बी.एस्सी. ॲग्री आणि फूड टेक्नॉलॉजी :* ४ वर्षं. सायन्स आणि सीईटी दोन्ही लागतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं. प्रक्रिया उद्योगात उतरायचं असेल तर परभणीचं फूड टेक्नॉलॉजी कॉलेज जरूर बघा.

*बी.कॉम. :* ३ किंवा ४ वर्षं. बारावी पास, सहसा कॉलेजची मेरिट लिस्ट. सायन्स-आर्ट्सवाल्यांनाही दार उघडं असतं.

*बीबीए, बीएमएस :* इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. २०२४-२५ पासून हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू झाली. १०० प्रश्न, ९० मिनिटं, सगळ्यात जास्त प्रश्न इंग्रजीचे. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. अभ्यास बराचसा सारखा, पण तिथे ही सीईटी लागत नाही. त्यामुळे सीईटी हुकली म्हणून वर्ष फुकट घालवू नका. कॉलेजात जाऊन कोर्सचं पूर्ण नाव विचारा.

*यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, नाशिक :* बारावी पास असाल तर काम सांभाळून बी.कॉम. करता येतं. घरचं दुकान ज्यांच्या खांद्यावर आहे, त्यांच्यासाठी हा कमीपणाचा रस्ता नाही, सोयीचा आहे.

मॅथ्स की एसपी?

अकरावी कॉमर्सला बरेच जण मॅथ्स टाळून एसपी घेतात. "धंद्याला कॅल्क्युलेटर आहे की!" बी.कॉम.पुरतं चालून जातं. पण दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएसला जायचं मनात आलं, तर तिथे सीयूईटी द्यावी लागते आणि त्यात गणिताचा पेपर असतो. एका विषयाने राज्याबाहेरचं दार बंद होतं. मॅथ्स सगळ्यांनी घ्यावंच असं मी म्हणत नाही. सोडताना काय सोडतोय, ते माहीत असू द्या.

चौथी अट : कागदपत्रं

गुण आहेत, परीक्षाही दिली, पण दाखला नाही म्हणून सीट खुल्या प्रवर्गात गेली, असं होतं. डोमिसाईल, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला बारावीचं वर्ष चालू असतानाच काढायला टाका. नॉन-क्रिमीलेअर असेल तर त्यावरची ३१ मार्चची तारीख नीट वाचा. ती प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटाची असायला हवी.

आजचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या. डावीकडे तुमच्या धंद्याचं नाव आणि त्याचा परवाना. त्यापुढे पाच रकाने : विषय, टक्के, परीक्षा, वर्षं, एकूण खर्च. तीन कोर्स भरा. त्या वर्षाची माहिती पुस्तिका समोर ठेवूनच भरा, कारण नियम दरवर्षी हलतात.

आणि वर्षांच्या रकान्याकडे धंदेवाल्याच्या नजरेने बघा. चार वर्षं म्हणजे फक्त फी नाही, तेवढा काळ दुकान उशिरा सुरू होणार. धंद्यासाठी ते शिक्षण गरजेचं असेल तर ही गुंतवणूक आहे. नसेल, तर कमी वर्षांचा किंवा काम करत शिकता येणारा रस्ता धरा. पान भरलं की घरच्यांना दाखवा. "मला धंदा करायचाय" या वाक्यापेक्षा ते भरलेलं पान त्यांना लवकर पटेल.