चार कप्प्यांच्या पलीकडे

दर १००० जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते १० बाळांच्या हृदयाची रचना जन्मतःच सदोष असते आणि त्यांतील अनेक गंभीर दोष गरोदरपणाच्या १८ ते २२ आठवड्यांत होणाऱ्या ‘अ‍ॅनॉमली स्कॅन’मध्ये, म्हणजे गर्भाच्या अवयवांची रचना तपासणाऱ्या सोनोग्राफीत, ओळखता येतात. हृदयाचे चारही कप्पे एकाच छेदात दाखवणारे दृश्य हा या तपासणीचा पाया असला, तरी तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. कारण महारोहिणी आणि फुफ्फुसधमनी यांची अदलाबदल झालेल्या, ‘ट्रान्सपोझिशन’ नावाच्या दोषात चारही कप्पे बहुधा निर्दोषच दिसतात. निरोगी हृदयातून निघताना या दोन वाहिन्या एकमेकींना ओलांडतात, तर या दोषात त्या समांतर जातात, आणि हा फरक दिसण्यासाठी सोनोग्राफीचा प्रोब गर्भाच्या डोक्याच्या दिशेने किंचित कलवावा लागतो. एवढी लहानशी हालचाल खरोखर जीव वाचवू शकते. गर्भाला प्राणवायू वारेतून मिळत असल्याने जन्मापर्यंत या दोषाचा परिणाम जाणवत नाही. जन्मानंतर मात्र काही तासांतच बाळ निळे पडू लागते. निदान आधीच झाले असेल, तर बालहृदय शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात प्रसूती ठरवता येते, या दोन वाहिन्यांना जोडणारी आणि जन्मानंतर मिटू लागणारी धमनीनलिका उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन लगेच सुरू करता येते आणि ब्राझीलचे शल्यविशारद आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये यशस्वी केलेली, वाहिन्या योग्य जागी जोडणारी शस्त्रक्रिया वेळेत होते. मातेला आधीपासून मधुमेह असल्यास किंवा पहिल्या अपत्यास हृदयदोष असल्यास ‘फीटल इको’ ही सविस्तर हृदयतपासणी सुचवली जाते. परंतु बहुतेक सदोष हृदये अशी कोणतीही जोखीम नसलेल्या गरोदरपणातच आढळत असल्याने वाहिन्यांचे दृश्य प्रत्येक नेहमीच्या तपासणीत पाहिले गेलेच पाहिजे.