कोरी गाडी खरंच कोरी असते का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची गाडी 28 फेब्रुवारी 2024 रोजी कळंबपर्यंत सुरू झाली. हा मार्ग पुढे यवतमाळ, पुसदकडे जाणार आहे, घाटंजीला शिवणार नाही. तरीही तालुक्यात कुणी नवी गाडी घेतली, तर ती अर्धा देश मालगाडीतून पार करून आली असण्याची शक्यता वर्षागणिक वाढते आहे. एकट्या मारुती सुझुकीने 2014-15 मध्ये सुमारे 65,700 गाड्या रेल्वेने पाठवल्या होत्या. 2023-24 मध्ये हा आकडा 4,47,750 वर गेला. पुण्याजवळ चिंचवडच्या मालधक्क्यावरूनही नवी वाहने रेल्वेत चढतात.

या वाहतुकीसाठी रेल्वेने निवृत्त प्रवासी डबे कामाला लावले. खिडक्या-दारे बंद केली, डब्याची टोके उघडी केली, की एका टोकाने चढलेली गाडी रेकच्या पार आतपर्यंत चालवत नेता येते. ड्रायव्हर गाडी जागेवर उभी करतो, चाकांना अडण्या लागतात, पट्टे आवळले जातात आणि मग त्या अरुंद जागेत जेमतेम दार उघडून तो अंग चोरत बाहेर पडतो. दाराची कड पत्र्याला घासणे, पट्ट्याच्या बकलाचा ओरखडा उठणे, आरसा दुमडणे हे सगळे इथे घडते. उघड्या वॅगनमधून आलेल्या गाड्यांची आणखी एक तक्रार असते. रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेला लोखंडाचा बारीक कीस रंगावर बसतो, दमट हवेत गंजतो आणि पांढऱ्या बॉनेटवर नारिंगी ठिपके दिसू लागतात.

मोठा अपघात झाला तर निर्णय त्या मानाने सोपा असतो. जून 2017 मध्ये अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या जेन्किन्सव्हिलजवळ मालगाडी घसरली. तिच्यात बंदराकडे निघालेल्या सुमारे 120 नव्या बीएमडब्ल्यू होत्या आणि त्यातल्या बहुतेकींचे नुकसान झाले. अशा वेळी वाहतूक विमा पुढे येतो. नुकसान दुरुस्तीपलीकडचे ठरले तर विमा कंपनी भरपाई देते आणि उरलेला सांगाडा तिचा होतो. काही कंपन्या मात्र धडधाकट दिसणारी गाडीही बाजारात जाऊ देत नाहीत. 2006 मध्ये ‘कुगर एस’ हे जहाज अलास्काजवळ कलंडले. त्यातल्या 4,703 माझदा गाड्यांपैकी बहुतेकींवर वरून ओरखडाही नव्हता. पण आठवडेच्या आठवडे तिरक्या लटकलेल्या गाडीच्या इंजिनात आणि एअरबॅगमध्ये काय बिघडले असेल, याची हमी कोण देणार? माझदाने सगळ्या गाड्या भंगारात काढल्या. भंगार करण्याआधी एअरबॅग फोडून टाकाव्या लागल्या.

ग्राहकाला खरा धोका या चेंदामेंदा झालेल्या गाडीपासून नाही, किरकोळ दुखापत झालेल्या गाडीपासून आहे. ती वर्कशॉपमध्ये जाते, डेंटिंग-पेंटिंग होते आणि फुलांचा हार घालून ‘नवी’ म्हणून दिली जाते.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण बीएमडब्ल्यूचेच. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात एका डॉक्टरने जानेवारी 1990 मध्ये सुमारे 40,750 डॉलरला काळी गाडी घेतली. नऊ महिन्यांनी पॉलिशवाल्याकडे नेली, तेव्हा कळले की ती आधीच पुन्हा रंगवलेली आहे. जर्मनीहून येताना आम्लपावसाने रंग बिघडला असावा आणि रंगकामाला 601 डॉलर लागले होते. कंपनीचे धोरण कोर्टात उघड झाले: दुरुस्तीचा खर्च किमतीच्या 3 टक्क्यांच्या आत असेल तर ग्राहकाला सांगायचे नाही, जास्त असेल तर गाडी काही काळ कंपनीच्या कामाला लावायची आणि मग जुनी म्हणून विकायची. ज्यूरीने दंड ठोठावला तब्बल 40 लाख डॉलरचा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 20 लाखांवर आणला, 1996 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला आणि अखेर 50 हजार डॉलरवर प्रकरण आले. दंड उतरला, पण ग्राहकाला अंधारात ठेवणे चूक होते ही गोष्ट बदलली नाही.

आपल्याकडे गोव्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2009 मध्ये बनलेली टाटाची गाडी 2011 मध्ये नवी म्हणून विकली गेली. ती 622 किलोमीटर चाललेली होती, खालचा भाग गंजलेला आणि अंगावर ओरखडे. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने उत्पादक कंपनीला जबाबदारीतून मोकळे केले, कारण डीलरकडचा हा प्रकार तिला ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली.

रेल्वेकडून भरपाई मागण्याचा मार्ग 1989 च्या रेल्वे कायद्यात आहे, पण तो माल पाठवणाऱ्यासाठी आणि ताब्यात घेणाऱ्यासाठी. माल खराब अवस्थेत आला तर ‘ओपन डिलिव्हरी’, म्हणजे तपासून, नुकसान नोंदवून ताबा, मागता येते. दाव्याची नोटीस सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर नुकसानीची नोंद करण्यात कुणाचा तरी पैसा गुंतलेला असतो आणि कागद तयार होतो. शेवटच्या माणसाला, गाडीचे हप्ते फेडणाऱ्याला, तेवढा तो कागद दाखवला जात नाही. हे बदलायलाच हवे. ओरखडा दुरुस्त करून विकणे गैर नाही. तो लपवणे गैर आहे.

तोवर ग्राहकाने स्वतः जागे राहावे. नोंदणीच्या आधी, दिवसाउजेडी गाडी पाहावी. चासिस क्रमांकावरून निर्मितीचा महिना विचारून घ्यावा. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळते. एकाच दारावर आकडा शेजारच्या भागापेक्षा बराच जास्त आला तर तिथे पुन्हा रंग लागलेला असू शकतो. आणि ‘या गाडीवर वाहतुकीतील नुकसानीची कोणतीही दुरुस्ती झालेली नाही’ एवढे एक वाक्य डीलरच्या सही-शिक्क्यानिशी मागावे. फसवणूक झालीच, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या ठिकाणी करता येते. घाटंजीच्या माणसाला 50 लाखांपर्यंतच्या गाडीसाठी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.