मे महिन्यात सावली जाते कुठे?

यवतमाळात २२ मेच्या आसपास दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अंगणात सरळ उभी काठी रोवून पाहा. तिची सावली बुडाशीच गडप होते. हा शून्य सावलीचा दिवस. यवतमाळ सुमारे २०.४ उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुसद, उमरखेड दक्षिणेला, म्हणून तिथे हा दिवस थोडा आधीच येऊन जातो.

त्यानंतर गंमत आहे. जवळपास दोन महिने भरदुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते आणि घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलाही ऊन लागते. २१ जुलैच्या सुमारास सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते, बघणार कोण!

हे सगळे पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे घडते. सूर्य जवळ आला की उन्हाळा, हा समज साफ चुकीचा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडच्या थंडीत. कलामुळेच २१ जूनला यवतमाळचा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, तर २२ डिसेंबरच्या सुमारास जेमतेम ११ तासांचा असतो. मग जूनअखेर मेपेक्षा गार का? कारण तोवर पाऊस येतो, ढग ऊन अडवतात आणि ओली जमीन लवकर तापत नाही.